कंगव्याचा हात

त्यांना सगळे पाचमिनिटे म्हणत. ते आडनाव नव्हे. दुकानात कोणीही डोकावलं, आत चार माणसं असोत की चौदा, ते मान न वळवता म्हणत, "बसा, पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांत लोकांनी अख्खी वर्तमानपत्रं वाचली, सोयरिकी जुळवल्या आणि मोडल्या. एकाने तर बाकावर बसल्या बसल्या नोकरीचा राजीनामा लिहिला. उठून मात्र कोणी गेलं नाही. पाचमिनिट्यांच्या हातून डोकं निघालं की माणूस आठवडाभर दिसेल त्या काचेत स्वतःला बघत हिंडायचा.

दुकान दहा बाय बारा. एक खुर्ची, एक बाक, समोरासमोर दोन आरसे. दुसरी खुर्ची ठेवा, असं त्यांचा मेहुणा दहा वर्षं सांगत होता. तोही केशकर्तनातलाच, पण मशीनवाला. डोकं दिसलं की मशीन फिरवायचं, एवढंच त्याला येत असे. पाचमिनिटे त्याला म्हणत, "दुसऱ्या खुर्चीमागे उभा राहायला दुसरा मी कुठून आणू?"

लोक त्यांच्या कात्रीचं कौतुक करत. त्यांना स्वतःला अभिमान होता वस्तऱ्याचा. "तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या अंगावर रक्ताचा ठिपका नाही. एकदा एक माणूस दाढी चालू असताना हुंदके देऊन रडायला लागला. तरी नाही." हे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला त्याच्या गळ्यावर वस्तरा टेकवून सांगत. गिऱ्हाईक लगेच मान्य करी.

असा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी जिना चढताना मध्येच बसला. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. बायपास ठरली.

आदल्या दिवशी दुपारी वॉर्डातला मामा मशीन घेऊन आला. वॉर्डात झाडण्यापासून रुग्ण ढकलत नेण्यापर्यंतची सगळी कामं तोच करी, आणि ऐंशी वर्षांचे म्हातारेही त्याला मामाच म्हणत.

"छातीचे केस काढायचेत, काका."

पाचमिनिट्यांनी मशीन हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत दिलं. "हे मेंढ्यांना लाव."

"इथे वस्तरा चालत नाही, काका. बारीक बारीक जखमा होतात. डोळ्यांना दिसतही नाहीत, पण जंतूंना दार उघडं मिळतं."

"वस्तऱ्याने जखम? कोणाच्या हातात?"

मामाला बाकीची कामं होती. संध्याकाळी येतो म्हणून तो गेला. पाचमिनिटे पिशवीतून स्वतःचा जुना वस्तरा काढून न्हाणीघरात गेले.

आता, दुसऱ्याची दाढी करणं वेगळं आणि हनुवटी गळ्याला टेकवून आपल्याच छातीवर वरून खाली वस्तरा ओढणं वेगळं. त्यात दिवा मिणमिणता. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माणूस कापला. तीन ठिकाणी, बरोबर मधोमध. जखमा कसल्या, मुंगी चावल्यासारखे ठिपके. त्यांनी तुरटी फिरवली, सदरा घातला आणि बाहेर येऊन शीळ घातली.

संध्याकाळी मामा आला तेव्हा त्यांनी सदरा उघडून दाखवला. "बघ. आमच्या घराण्यात छातीवर उगवतच नाहीत. तुलाच मेली घाई."

मामाने त्यांच्या झुपकेदार मिशांकडे पाहिलं, मग छातीकडे पाहिलं. फॉर्मवर 'उगवत नाहीत' असा रकाना नव्हता. त्याने 'मशीनने काढले' यावर खूण केली.

बायपास उत्तम झाली. पाचमिनिटे घरी आले. तिसऱ्या आठवड्यात ताप चढला. खोकला आला की छातीत दार करकरल्यासारखं व्हायचं. मग एका सकाळी टाक्यांची खालची दोन टोकं ओली दिसली आणि दुपारपर्यंत बनियन पिवळा झाला.

पुन्हा इस्पितळ. जंतू हाडापर्यंत गेले होते. छातीचं मधलं हाड बायपासला उभं चिरतात आणि नंतर तारांनी आवळून बांधतात. त्या तारा काढाव्या लागल्या. सडलेलं हाड खरवडून काढावं लागलं, एकदा नव्हे, दोनदा. उरला तो खड्डा. खड्ड्यात स्पंज, स्पंजावर चिकटपट्टी, पट्टीतून एक नळी आणि नळीच्या टोकाला एक यंत्र. ते आतला घाण द्राव सतत ओढून घेई आणि घोट घेतल्यासारखा आवाज करी. पाचमिनिट्यांनी त्याचं नाव जावई ठेवलं. "उशाशी बसून नुसता पितो."

इकडे त्यांची बायको इस्पितळावर तुटून पडली होती. तिच्या मते सगळा दोष मामाचा. मशीन घाणेरडं असणार, हात घाणेरडे असणार, मामाच मुळात घाणेरडा असणार. व्हरांड्यात मामा दिसला की ती त्याला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःशीच बोले. मामाची दोनदा चौकशी झाली. केसच नव्हते, मी काही केलंच नाही, असं त्याने सांगितलं. मग मशीनने काढले अशी खूण का केली, असं साहेबांनी विचारलं.

मामाला खरं काय ते कळलं होतं. तीन आठवड्यांत खड्ड्याच्या दोन्ही काठांवर चांगले काळेपांढरे खुंट उगवले होते. चादर बदलताना तो एवढंच म्हणाला, "घराण्यात उगवत नाहीत ना, काका? यंदा पीक चांगलंय."

पाचमिनिट्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तोंडच वळवता येत होतं, कूस नव्हती.

भेटायला गिऱ्हाइकं येत. दुकान मेहुणा चालवत होता, आणि त्याचे पुरावे एकेक करून वॉर्डात हजर होत. बँकेतला रोखपाल टोपी घालून आला.

"टोपी काढा."

"राहू द्या हो. तुम्ही आराम करा."

"काढा म्हणतो ना."

त्याने काढली. कानांच्या वर पांढरीफटक पट्टी, डोक्यावर मधोमध झुडूप. पाचमिनिट्यांच्या उशाशी नाडी मोजणारा पडदा होता. त्यावरचा आकडा अठ्ठ्याहत्तरवरून एकशे चारवर गेला. नर्स धावत आली. रोखपालाला बाहेर काढण्यात आलं.

"मी परत उभा राहीन ना खुर्चीमागे?" त्या दिवसापासून त्यांनी हे प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. नर्सला, मामाला, शेजारच्या खाटेवरच्या बेशुद्ध माणसाला. जगेन का, हे त्यांनी कोणालाच विचारलं नाही. तो भाग त्यांनी डॉक्टरांवर सोपवला होता.

खड्डा बुजवायला प्लास्टिक सर्जन मॅडम आल्या. मॅडमनी आपले केस आपणच कापलेत, तेही घाईत आणि नखं कापायच्या कात्रीने, हे पाचमिनिट्यांना दारातूनच कळलं. पण ते बोलले नाहीत. माणूस आपल्या छातीत हात घालणार असेल तर त्याच्या केसांबद्दल बोलू नये, एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं.

मॅडमनी पट्टी सोडली, स्पंज काढला.

"मला बघायचंय," पाचमिनिटे म्हणाले.

"नको, काका. घाबराल."

"तीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला मागून आरसा दाखवलाय. बघितल्याशिवाय कोणाला खुर्चीतून उठू दिलं नाही. आज गिऱ्हाईक मी आहे."

मॅडमनी क्षणभर विचार केला. मग स्टीलचा रिकामा ट्रे उचलला आणि तिरका धरला.

ट्रेमध्ये एक लाल चर दिसत होता. गळ्याच्या खोबणीखालून सुरू होऊन पार पोटाच्या तोंडाशी पोचलेला. त्याच्या तळाशी काहीतरी हलत होतं. वर, खाली. वर, खाली. घाई नाही, थांबणं नाही.

बायकोने नंतर सगळ्यांना सांगितलं की लग्नाला बत्तीस वर्षं झाली, हा माणूस असा गप्प तिने पहिल्यांदा पाहिला.

"हे हलतंय ते..."

"हृदय."

"वर झाकण नाही?"

"नाही."

"मग झाका की, मॅडम. वाट कसली बघताय?"

मॅडम हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. अशा खड्ड्यात निर्जीव काही भरून चालत नाही. जिवंत मांस हवं, रक्त खेळतं असलेलं. रक्त पोचलं की औषध पोचतं, औषध पोचलं की जंतू मरतात. ते मांस बाहेरून आणायचं नाही, शेजारचंच सरकवायचं. छातीवर दोन्ही बाजूंना पंख्यासारखे स्नायू असतात. त्यातला एक दंडापासून सोडवायचा, त्याची रक्तवाहिनी देठासारखी शाबूत ठेवायची आणि तो मधल्या खड्ड्यात बसवायचा. त्याने वरचा भाग भरेल. खालच्या भागासाठी पोटात चरबीचा एक पातळ पडदा असतो, तो वर ओढून आणायचा.

"पोटातलं हवं तेवढं घ्या," बायको म्हणाली. "विचारत बसू नका."

"आणि हात?" पाचमिनिट्यांनी विचारलं.

"ज्या बाजूचा स्नायू घेऊ, तो हात थोडा हलका पडेल. वर धरून ठेवायला, दाबायला जोर कमी पडेल. बऱ्याच लोकांना फरक कळतही नाही. पण बरेच लोक दिवसाला आठ तास हात वर धरून उभे राहत नाहीत." मॅडमनी कागदावर टिपून घेतलं. "तुम्ही उजवे ना? मग डाव्या बाजूचा घेते. उजवा हात राहू दे धंद्याला."

सगळ्यांनी मान डोलावली. बायकोने डोलावली, मेहुण्याने डोलावली, पाचमिनिट्यांनीही. सही होईपर्यंत पाचमिनिट्यांनी मॅडमना वस्तऱ्याचा तीस वर्षांचा बिनरक्ताचा हिशेबही ऐकवून घेतला. शस्त्रक्रिया परवा.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मेहुणा दुकानाचा हालहवाल सांगायला बसला. सांगता सांगता त्याने मान खाली घातली आणि पाचमिनिट्यांना त्याचा माथा दिसला. स्वतःचे केसही त्याने मशीननेच कापले होते. पाचमिनिट्यांचे हात आपोआप उठले. जेमतेम वीतभर, पट्टी ताणू नये म्हणून. डाव्या हाताने हवेत कंगवा घातला, केस उचलले, उजव्याची दोन बोटं उघडली मिटली. कंगवा पुढे, बोटं मागे. कंगव्याने डोकं झुकवलं, कान दुमडला, भोवऱ्याची दिशा शोधली. बोटं आपली उघडमीट करत मागून येत होती.

"दाजी, काय करताय?"

"गप्प बस. हलू नकोस."

त्यांनी तीनदा करून पाहिलं. मग हात चादरीवर ठेवले आणि डाव्याकडे बघत राहिले. तीस वर्षं सगळं काम हा करत होता आणि शाबासकी तो घेत होता. कात्रीचा आवाज येतो ना. कंगव्याचा येत नाही.

डावा गेला तर केस कापणं गेलं.

पण उजवा दिला तर वस्तरा गेला. वस्तऱ्याला उजवाच लागतो, आणि गळ्यावर धरलेला हात एका केसाएवढाही लटपटून चालत नाही. तीस वर्षांचा बिनरक्ताचा हिशेब त्या हातात होता. आणि त्यातल्या तीन ठिपक्यांबद्दल या वॉर्डात दोनच माणसांना माहीत होतं. उजवा घ्या म्हटलं की मॅडम विचारणार, का? दाढी सोडायला कसे तयार झालात, एवढं छाती फुगवून सांगत होतात ते?

दुपारभर जावई तेवढा घोट घेत राहिला.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मॅडम निळं पेन घेऊन आल्या. डाव्या काखेजवळ त्यांनी रेघ ओढायला घेतली. पायाशी मामा मशीन घेऊन उभा होता. बायको उशाशी होती.

"थांबा," पाचमिनिटे म्हणाले. "उजवा घ्या."

मॅडमनी पेन तसंच धरलं. "काका, सही झालीय. भूलवाले वाट बघताहेत. आत्ता सांगताय?"

"पाच... दोन मिनिटं द्या. मामा, इकडे ये. वाक."

मामा वाकला. पाचमिनिट्यांनी डाव्या हाताने त्याचा माथा धरला. "हा कंगवा. केस हा उचलतो. डोकं हा वळवतो. कान हा दुमडतो. पुढे काय आहे ते यालाच कळतं. कात्री नुसती मागून कटकट करत चालते."

"माझ्यासारखी म्हणा ना," बायको म्हणाली.

"तुझ्यासारखीच. पण तिला जोर लागत नाही, अंगठा हलला की झालं. खुर्ची खाली घेईन, उजवा कोपर बरगडीला टेकवीन, चालेल. डावा मात्र वर लागतो. दिवसभर लागतो."

मॅडम बघत राहिल्या. "आणि दाढी?"

"दाढी नको."

"का? परवा तर मला वस्तऱ्याची अख्खी पोथी ऐकवलीत."

पाचमिनिट्यांनी मामाकडे पाहिलं. मामा अजून वाकलेलाच होता. त्याने वर पाहिलं नाही, काही सुचवलं नाही. त्यामुळेच जास्त कठीण झालं.

"वस्तऱ्याने दगा दिला, मॅडम. बायपासच्या आदल्या दिवशी. याचं मशीन मी लावू दिलं नाही. न्हाणीघरात स्वतःच छाती साफ केली. तीनदा लागला."

"कुठे?"

त्यांनी बोट दाखवलं. त्या जागी आता जागाच नव्हती. बोट स्पंजावर हवेत थांबलं.

मग मॅडम बोलल्या, आणि चांगली पाच मिनिटं बोलल्या. अशा गोष्टी लपवायच्या नसतात. या माणसाची दोनदा चौकशी झाली. वय झालं म्हणजे अक्कल येते असं नाही. शेवटी त्यांचा आवाज खाली आला. "त्यानेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्हाला साखरही आहे. पण मी हे लिहून देणार आहे. मामांच्या साहेबांनाही."

"द्या. पण ठोकू नका, आधीच मोकळी आहे."

"अहो!" बायको ओरडली. मग ती मामाकडे वळली. तीन आठवडे तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. "मामा, मी तुम्हाला काय काय बोलले..."

"असू द्या, ताई," मामा कंबर सरळ करत म्हणाला. "बरेच शब्द मला नवीन होते." त्याने मशीन सुरू केलं. "मेंढ्यांचंच आहे, काका. चालेल?"

पाचमिनिट्यांनी डोळे मिटले आणि काठावरचं पीक कापू दिलं. मामाचा हात वाईट नव्हता. हे त्यांनी मनात कबूल केलं. तोंडाने नाही.

नवीन कागद आला. मॅडमनी दोन्ही हात उचलायला लावून पाहिले, ताकद तपासली, उजवा घ्यायला हरकत नाही असं ठरवलं आणि नवी सही घेतली. उजवीकडे निळी रेघ आखली.

"वाकडी गेली," पाचमिनिटे म्हणाले.

"काका, आता झोपा."

पाच तास लागले. उजवीकडचा स्नायू मध्ये आला, पोटातला पडदा वर आला, वर कातडी शिवली गेली. नळ्या निघाल्या, एकेक करून. जावयाला निरोप दिला. जंतूंची औषधं सहा आठवडे चालली. जखम एका टोकाला थोडी रुसली, मग तीही मिटली. बायको पोटातल्या चरबीबद्दल सगळ्यांना सांगत सुटली, "बत्तीस वर्षांत या माणसाने एक गोष्ट मनावर घेतली, तीही पोटातली."

एक गंमत मात्र राहिली. उजवा हात हलवला की छातीच्या मधोमध काहीतरी लचकायचं. पाचमिनिट्यांनी मॅडमना विचारलं.

"तो स्नायूच आहे. त्याला अजून वाटतं, तो हाताकडे नोकरीला आहे."

"कळेल त्याला हळूहळू."

"नाही कळलं तरी बिघडत नाही."

साडेचार महिन्यांनी पाचमिनिट्यांनी स्वतः दुकान उघडलं. खुर्चीचे पाय सुताराकडून चार बोटं कापून घेतले होते. पहिले आले निवृत्त हेडमास्तर. बावीस वर्षं एक दिवस न चुकता दाढीला येणारे. ते बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले.

"सर, दाढी बंद केली."

हेडमास्तरांनी एक डोळा उघडला. "किती दिवस?"

"कायमची."

"मग मी काय आता दाढी वाढवू? या वयात?"

"समोरच्याकडे जा. हात जड आहे त्याचा, पण साबण चांगला वापरतो."

हेडमास्तर उठले. दारात थांबले. रस्ता ओलांडून ते समोरच्या दुकानात शिरले. पाचमिनिटे काचेतून बघत होते. समोरच्याने फेस लावला, वस्तरा उघडला, हेडमास्तरांची मान मागे गेली. कोन जरा चुकीचा होता. पाचमिनिट्यांच्या छातीच्या मधोमध काहीतरी लचकलं. त्यांनी पाठ फिरवली.

बाकावर रोखपाल बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. चार महिन्यांची मेहुण्याची शेती डोक्यावर.

"या."

त्यांनी कपडा झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधला. डाव्या हातात कंगवा घेतला आणि उचलला. हात वर गेला. थांबला. तिथेच राहिला. उजवा कोपर बरगडीला टेकवून त्यांनी कात्री उघडली. डावा डोकं झुकवून कात्रीपाशी आणून देई, कात्री आपलं काम करी. दर थोड्या वेळाने उजवा खाली सोडावा लागे. मग ते केस झटकायचं नाटक करत, आणि रोखपाल ते खरं मानायचं नाटक करी.

पंचवीस मिनिटं झाली. चाळीस झाली. रोखपालाची मान पेंगुळली.

दारात बायको आली. गल्ल्याची किल्ली घरी राहिली होती म्हणे. किल्ली तर पाचमिनिट्यांच्या खिशात होती. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. डाव्या हाताकडे पाहिलं. तो अजून वरच होता.

"किती वेळ लागेल अजून?"

"कानामागचं राहिलंय. जा तू घरी."

ती बाकावर बसली आणि कालचं वर्तमानपत्र उघडलं.